अक्षाचा शोध : बंदुकीची नळी, लेथ आणि अचूकतेचा इतिहास

प्रस्तावना :
औद्योगिक क्रांतीच्या इतिहासलेखनात वाफेचे इंजिन, सूतगिरणी आणि रेल्वे यांना मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. ही यंत्रे ज्या यंत्रांवर घडली, त्या लेथ आणि छिद्रण यंत्रांचा इतिहास मात्र तुलनेने उपेक्षित राहिला. नळीचे छिद्र आणि तिचा बाह्य पृष्ठभाग यांचा अक्ष एकच कसा राखावा, हा शस्त्रशाळेतील प्रश्न या इतिहासाच्या मुळाशी आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा अठराव्या शतकापासून मागोवा घेतला असून, अचूकता ही केवळ पेटंटधारकांची नव्हे, तर कारागिराच्या नजरेचीही निर्मिती आहे, असे प्रतिपादन केले आहे.

तोफेपासून इंजिनापर्यंत :
पूर्वी तोफ साच्यात गाभा ठेवून पोकळ ओतली जात असे. ओतताना गाभा किंचित जरी सरकला, तरी छिद्र एका बाजूला जाई आणि नळीची भिंत कुठे जाड, तर कुठे पातळ होई. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात स्विस ओतारी जाँ मारित्झ याने भरीव ओतलेली तोफ आडवी ठेवून छिद्र पाडण्याची पद्धत विकसित केली. या पद्धतीत हत्यार नव्हे, तर तोफच फिरत असे. त्यामुळे छिद्र परिभ्रमणाच्या अक्षाशी जुळून राही. इ.स. १७७० मध्ये यान फेरब्रुखेन याने हे तंत्र हॉलंडमधून इंग्लंडमधील वुलिच येथे नेले.

इ.स. १७७४ मध्ये जॉन विल्किन्सन याने तोफा छिद्रण्याचे पेटंट घेतले. त्यानंतर त्याने इंजिनाच्या सिलिंडरसाठी दोन्ही टोकांना आधार असलेला छिद्रणदंड वापरला. जेम्स वॅटच्या इंजिनाला वाफ न गळणारा सिलिंडर मिळाला तो याच तंत्रामुळे. तोफेसाठी शोधलेला अक्ष अशा रीतीने उद्योगाच्या कामी आला.

मॉड्स्ले ते व्हिटवर्थ :
वुलिचच्याच शस्त्रागारात हेन्री मॉड्स्ले (१७७१–१८३१) वयाच्या बाराव्या वर्षी काडतुसे भरण्याच्या कामावर लागला. पुढे इ.स. १८०० च्या सुमारास त्याने आटे पाडण्याचा अचूक लेथ सिद्ध केला. त्याच्या लंडनमधील कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने इ.स. १८४१ मध्ये ५५ अंश कोनाच्या आट्यांचे प्रमाणीकरण सुचविले.

इ.स. १८५४ मध्ये ब्रिटिश सरकारने व्हिटवर्थला रायफलच्या निर्मितीसाठी यंत्रे सुचविण्यास सांगितले. ही रायफल म्हणजे १८५७ च्या उठावातील काडतुसांमुळे भारतीय इतिहासाला परिचित असलेली एन्फिल्ड. यंत्रे सुचविण्यापूर्वी उत्तम नळी कशी असते हे जाणले पाहिजे, असा व्हिटवर्थचा आग्रह होता. त्यासाठी मँचेस्टरजवळ ५०० यार्ड लांबीचे बंदिस्त चाचणीगृह उभारण्यात आले. एन्फिल्डचे छिद्र ०.५७७ इंचांचे होते. व्हिटवर्थने त्याऐवजी ०.४५१ इंचांचे षट्कोनी छिद्र स्वीकारले. इ.स. १८५७ च्या चाचण्यांत त्याची रायफल नेमबाजीत सरस ठरली. तथापि ब्रिटिश सैन्याने ती सार्वत्रिक वापरासाठी स्वीकारली नाही.

कारागिराची नजर :
यंत्रांची ही प्रगती होत असतानाही नळीचा सरळपणा ठरविणारे अंतिम साधन मानवी डोळा हेच होते. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंड व अमेरिकेतील शस्त्रशाळांत नळी सरळ करणारा कारागीर ती प्रकाशाकडे धरून आतून पाही. चकचकीत छिद्रात पडणारी सावलीची रेषा सरळ दिसली, तर नळी सरळ मानली जाई. रेषा वाकली, की नेमक्या जागी हातोडा मारून तो दोष काढला जाई.  हे ज्ञान एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे गेले.

मुखावरील आटे आणि जुना प्रश्न :
इ.स. १९०९ मध्ये हायरम पर्सी मॅक्झिम यास आवाज कमी करणाऱ्या साधनाचे पेटंट मिळाले. अशी साधने नळीच्या मुखावर आटे पाडून बसविण्याची पद्धत विसाव्या शतकात रूढ झाली आणि मारित्झचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. आटे बाह्य पृष्ठभागाला प्रमाण मानून पाडले आणि छिद्र त्या पृष्ठभागाशी एककेंद्री नसले, तर साधन तिरके बसते व गोळी त्याला घासण्याचा धोका उद्भवतो. म्हणून लेथवर नळी बांधताना छिद्रालाच प्रमाण मानावे लागते. त्यातही लांब नळीचे छिद्र क्वचितच पूर्णतः सरळ असते. त्यामुळे तिच्या दोन टोकांना जोडणारी रेषा आणि मुखाजवळील छिद्राची दिशा यांत अंतर पडू शकते. डायल गेज हे अंतर मोजून दाखवितो. मात्र कोणता अक्ष खरा मानावा, हा निर्णय कारागिरालाच घ्यावा लागतो.

निष्कर्ष :
मारित्झपासून व्हिटवर्थपर्यंतचा इतिहास हा संदर्भरेषेच्या शोधाचा इतिहास आहे. हस्तकौशल्य मागे पडले आणि यंत्र पुढे आले, असे त्याचे सरळ कथन करता येत नाही. प्रत्येक टप्प्यावर यंत्राने हाताचे काम कमी केले, परंतु निर्णयाची जबाबदारी संपविली नाही. औद्योगिक इतिहासाच्या अध्यापनात शोधकांच्या नावांबरोबर सावलीची रेषा वाचणाऱ्या अनामिक कारागिरालाही स्थान मिळाले, तरच अचूकतेचा हा इतिहास पूर्ण होईल.