हुरड्याच्या दोन पाट्या

चपला इथंच काढा. शंभर वर्षं मागे जायचंय, तेही बीडच्या केज तालुक्यात, मांजरेकाठच्या काळ्या रानात, पौषातल्या सकाळी. पहिल्या पावलाला गारठा टाचेतून थेट गुडघ्यापर्यंत चढतो. दुसऱ्या पावलाला अंगठा भेगेत अडकतो. सांभाळून! शाळू भरात आला की काळी जमीन अशीच उलते. आता वर बघा. ताटं तुमच्या डोक्याच्याही वर गेलीत. पानांवरचं दव मानेवरून पाठीत उतरतंय आणि पानाची कड गालाला चाटून गेली की बारीक चरचरतंय.

आणि हा गलका ऐका. भोरड्यांचा थवा कणसांवर उतरलाय, काळ्या-गुलाबी ढगासारखा. माळ्यावर उभा असलेला पोरगा गोफण गरगरा फिरवतो, सट्‌कन दोरी सुटते. 'हाऽऽ हुर्रऽऽ!' अख्खा थवा एकदम उठतो, तुमच्या कानाशी पंखांचा वारा घालत जातो आणि पुढच्या पट्टीत जाऊन बसतो.

धुराचा वास येतोय ना? त्याच्या मागं चला. बांधावरच्या बाभळीखाली आगटी पेटलीय. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसलीत. भोवती पंधरा-वीस माणसं दाटीवाटीनं बसलीत, कुणी कणीस फिरवतंय, कुणी तळहातावर चोळून फुंकतंय. काष्ट्याचं लुगडं नेसलेली एक आजी मान वर करते.

"नुसतं काय बघायलास, लेकरा? घे ती पाटी. कणसं आण."

निघा. चुंबळ डोक्यावर, पाटी चुंबळीवर. जाताना रिकामी, येताना भरलेली. आगटीशी ओतली की परत रानात. ऊन चढतं, कानशिलावरून घाम ओघळतो, कूस गळ्यात शिरून खाजवते. सहाव्या-सातव्या खेपेला तुमच्या ध्यानात येतं की पाट्या फक्त दोन आहेत. तरी एवढ्या माणसांना हुरडा कमी पडत नाही, कारण पाटी कुठं थांबतच नाही.

आता क्षणभर थांबा आणि समोरचं पान उन्हात धरा. त्याच्या आत हेच चाललंय.

उन्हाची मोळी बांधून कणसात ठेवता येत नाही. झेललं तर झेललं, नाहीतर गेलं. म्हणून पान ऊन पाटीत भरतं. हरितद्रव्यावर ऊन पडलं की पाणी फुटतं आणि ऑक्सिजन तुमच्या नाकासमोरच्या हवेत मिसळतो. पाण्यातून निघालेले इलेक्ट्रॉन पुढं सरकतात, तसे हायड्रोजनचे आयन एका चिमुकल्या पिशवीत तुंबत जातात. बाहेर पडायच्या वाटेवर एक चाक आहे. औरंगाबादची पाणचक्की आठवा. तिथं पडत्या पाण्यानं दगड फिरतो, इथं आयनांच्या लोंढ्यानं चाक फिरतं आणि एका फेऱ्यात तीन पाट्या भरतात. ही पाटी म्हणजे एटीपी. तिच्यात तीन फॉस्फेट असतात. शेवटचा सुटला की ऊर्जा कामी येते, पाटी रिकामी होऊन परत चाकाकडं. जोडीला दुसरी पाटी, एनएडीपीएच. ती पाण्यातून काढलेले इलेक्ट्रॉन वाहते. या दोघींच्या खेपांवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची साखर होते.

गव्हाचं किंवा भाताचं पान एका कार्बनमागं एटीपीच्या ३ आणि एनएडीपीएचच्या २ खेपा घालतं. शाळूच्या पानाला मात्र एटीपीच्या ५ लागतात. दोन खेपा जादा कशासाठी? बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडतात आणि शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन दाटीनं कोंडतात. त्या उसाभरीला या दोन खेपा जातात. पण त्यामुळे पानाला आपली रंध्रं सताड उघडी ठेवावी लागत नाहीत आणि पाणी वाचतं. बीडच्या मुलखात ऊन मुबलक, पाणी मोजकं. असेल ते ऊन राबवून नसलेलं पाणी राखायचं, हा शहाणपणा या पानात आहे. कोरड्या रानात या मुलखाला भाकरी मिळत आली ती त्याच्या जोरावर.

तुम्ही उभे आहात त्या दिवशी एटीपीच्या या पाटीला नावसुद्धा नाही. १९२९ साली जर्मनीत कार्ल लोहमान, तर अमेरिकेत सायरस फिस्के आणि आपल्या आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव ती शोधून काढतील, तीही पानात नाही, स्नायूंत! पानात ती उन्हानं भरते, हे डॅनियल अर्नन १९५४ साली दाखवतील. म्हणजे माळ्यावरच्या पोराच्या दंडात गोफण फिरवते ती आणि शाळूच्या पानात साखर घडवते ती, पाटी एकच.

"ये, बस आता." आजी गरम कणीस तुमच्या हातावर ठेवते. चोळा. तळहात पोळतो, हिरवे दाणे सुटतात, फुंकर मारली की कूस उडते. जवसाच्या चटणीबरोबर तोंडात टाका. धुरकट, दुधाळ, गोड! दाण्यातली सगळी साखर अजून पिठूळ झालेली नाही, म्हणून ही गोडी. थोड्याच दिवसांत दाणा टणक होईल आणि भाकरीच्या कामाला लागेल. पानातली पाटी तुमच्या तोंडात आली नाही, ती रानातच राहिली. तिनं वाहिलेलं तेवढं आलं. आता तुमच्या अंगात त्यावर दुसऱ्या पाट्या भरतील. एका वेळी मोजल्या तर मूठ-दोन मूठ, पण दिवसभराच्या खेपांची बेरीज जवळपास तुमच्या वजनाएवढी.

ऊन कलतं. भोरड्या झाडांकडं परततात, पानांतली चाकं मंदावतात. आगटीवर राख साचलीय. आजी दोन्ही पाट्या झटकते, एकीत एक घालते आणि बाभळीच्या बुंध्याला टेकवते.

"उद्या दिस उगवला की ये, लेकरा," ती म्हणते. "खेपा हायेत अजून."