कुंपणाचा इतिहास आणि त्याची जोपासना

पूर्णा जंक्शनाहून नांदेडच्या दिशेनें गाडी निघाली म्हणजे वाटेंत चुडावा हें लहानसें स्टेशन लागतें. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यांतील हें गांव गोदावरीच्या खोऱ्यांतलें, काळ्या जमिनीचें. निजामाच्या अमदानींत १९०१ च्या सुमारास मनमाड-हैदराबाद हा मीटरमापी लोहमार्ग पुरा झाला, तेव्हांपासून हा मुलूख रेल्वेच्या खिडकींतून पाहतां येऊं लागला. पुढें तो मार्ग रुंदमापी झाला, गाड्यांचा वेग वाढला. परंतु या बाजूच्या प्रवासांत एक गोष्ट अजून डोळ्यांपुढून सरकत जाते. ती म्हणजे शेतांचीं कुंपणें. कोठें बोरी-बाभळीच्या काट्यांची वई, कोठें शेर, कोठें घायपाताचे भाले, कोठें नुसताच तुटका बांध.

श्रोतेहो, राजवाड्यांचा आणि किल्ल्यांचा इतिहास आपण आवडीनें ऐकतों. कुंपणाला इतिहास असतो, हें मात्र सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. भाषेला तें ठाऊक आहे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असें आपण म्हणतों. कुंपणानेंच शेत खाल्लें, अशी तक्रारहि करतों. एका म्हणींत कुंपण ही मर्यादा आहे, दुसरींत ती विश्वासाची जागा आहे. आज मला या दोन्ही अर्थांनीं कुंपणाविषयीं बोलावयाचें आहे. आणि ज्यांच्या घरापुढें चार हात बाग आहे त्यांच्याकरितां, कातरलेल्या कुंपणाची निगा कशी राखावी, तेंहि शेवटीं सांगावयाचें आहे.

आरंभ जुन्या धर्मशास्त्रापासून करूं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत शेताच्या कुंपणाचें माप दिलेलें आहे. वरून उंटाला आंत पाहतां येऊं नये, आणि खालीं कुत्र्याला किंवा डुकराला तोंड खुपसण्याएवढें भोंक राहूं नये, असा त्याचा आशय आहे. हा नियम घालणारानें पुष्कळ कुंपणें पाहिलीं असलीं पाहिजेत. कुंपण वरून क्वचितच हरतें. तें हरतें तळाशीं. वरचा शेंडा हिरवागार दिसत असतो आणि खालीं बुंधे उघडे पडलेले असतात. ही एक गोष्ट लक्षांत ठेवा. पुढें ती पुन्हां येणार आहे.

आपल्याकडे कुंपणाचे दोन प्रकार पूर्वापार चालत आले. एक तोडलेल्या काट्यांचें, म्हणजे मेलेलें. दुसरें लावलेल्या झाडांचें, म्हणजे जिवंत. काट्यांचें कुंपण एका दिवसांत उभें राहतें. परंतु वाळवी, आग आणि वारा यांपुढें तें फार काळ टिकत नाहीं, आणि दरवर्षीं नवा काटा तोडावा लागतो. जिवंत कुंपणाला दोन-तीन वर्षें धीर धरावा लागतो. एकदां धरलें कीं तें स्वतःची डागडुजी स्वतः करतें. मात्र अट एक : त्याच्याकडे कोणीतरी पाहिलें पाहिजे.

ही अट किती कठीण आहे, हें एका प्रचंड कुंपणाच्या कथेवरून कळेल. एकोणिसाव्या शतकांत इंग्रज सरकारनें मिठावर जबर कर बसविला होता, आणि तो सर्वत्र सारखा नव्हता. १८६९ च्या सुमारास मुंबई इलाख्यांत मणामागें १ रुपया १३ आणे, तर बंगालमध्यें ३ रुपये ४ आणे असा दर होता. साहजिकच स्वस्त मीठ चोरवाटेनें महाग मुलखांत जाऊं लागलें. तें अडविण्यासाठीं सरकारनें देशाच्या छातीवरून एक जकातरेषा आंखली. सिंधु नदीपासून महानदीपर्यंत तिची लांबी सुमारें २३०० मैल झाली, आणि तिच्यावर बारा हजारांच्या आसपास माणसें पहाऱ्याला होतीं. या रेषेच्या मोठ्या भागावर कुंपण होतें. तें पंजाबांतून निघून बऱ्हाणपुरापर्यंत, म्हणजे आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोंचलें होतें.

प्रथम हें कुंपण वाळलेल्या काट्यांचें होतें. १८६७ मध्यें अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे जकात कमिशनर झाले. एक मैल काट्यांच्या कुंपणाला सुमारें २५० टन काटा लागतो, असा त्यांचा अंदाज होता. तो तोडावा, वाहून आणावा, रचावा. आणि वाळवीनें, वणव्यानें किंवा वादळानें नेला कीं पुन्हां रचावा. ह्यूम यांनीं हिशेब केला आणि जिवंत कुंपणाचा मार्ग धरला. ज्या मातींत जें झाड येतें तेंच तेथें लावावयाचें, असें त्यांचें धोरण होतें : बोर, बाभूळ, करवंद, शेराच्या जातीचीं झाडें, रुक्ष प्रदेशांत निवडुंग. जमीन निकृष्ट असेल तेथें चर खणून चांगली माती भरली, पुराच्या भागांत बांध घातले, पाण्यासाठीं विहिरी खणल्या. कोठें कोठें हें कुंपण बारा फूट उंच आणि चौदा फूट रुंद झालें. तरीहि उंदीर, टोळ, बांडगुळासारख्या वेली आणि झंझावात यांच्याशीं झगडा संपला नाहीं. कुंपण लावणें हें एकदांचें काम होतें; तें राखणें मात्र रोजचें होतें.

या कुंपणानें काय राखलें? गरिबाच्या भाकरीवरचें मीठ महाग राखलें. ज्याला आठवड्याचें मीठ विकत घेणें जड जाई, त्याच्यापुढें ही काटेरी भिंत उभी होती. येथें कुंपणानें शेत खाल्लें, असेंच म्हटलें पाहिजे. पुढें करांतील तफावत कमी झाली, राजपुतान्यांतील मिठागरें सरकारच्या ताब्यांत आलीं, आणि १ एप्रिल १८७९ रोजीं ही जकातरेषा बंद झाली. मिठावरचा कर मात्र राहिला. १९३० मध्यें शिरोड्याच्या मिठागरांवर मराठी सत्याग्रहींनीं तो मोडला, ही आपल्या घरची आठवण आहे.

ह्यूम यांचें नांव आपणांस दुसऱ्या कारणानें परिचित आहे. डिसेंबर १८८५ मध्यें मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत काँग्रेसचें पहिलें अधिवेशन भरलें, त्याच्या उभारणींत त्यांचा मोठा वाटा होता. पक्षिशास्त्रांतहि त्यांचा अधिकार मोठा. हिंदुस्थानांतील पक्ष्यांचीं घरटीं व अंडीं यांवर त्यांनीं ग्रंथ लिहिला. एकाच माणसानें जुलमी कुंपण वाढवावें आणि पुढें स्वराज्याच्या संस्थेला हातभार लावावा, हा इतिहासाचा एक विलक्षण योग होय.

पहारेकरी गेले आणि तें कुंपण पाहतां पाहतां नाहींसें झालें. लोकांनीं सरपण नेलें, रस्ते झाले, शेतें पसरलीं. रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकानें त्याचा माग काढण्यासाठीं नकाशे धुंडाळले, पायपीट केली. १९९८ मध्यें इटावा जिल्ह्यांत त्याला कांहीं अवशेष सांपडले, आणि २००१ मध्यें त्यानें ही हकीकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. शेंकडों मैलांचें कुंपण सव्वाशे वर्षांत विस्मृतींत गेलें होतें.

याच्या उलट कथाहि आहे. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शोभेचें व कुंपणाचें झुडूप म्हणून कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानांत आली. कुंपण सोडून ती रानांत शिरली आणि आज ती डोंगरचे डोंगर व्यापून आहे. फड्या निवडुंगाचेंहि तेंच झालें. किरमिजी रंगाच्या किड्यांसाठीं निवडुंगाचें महत्त्व वाढलें, १७९५ मध्यें तसे किडे ब्राझीलमधून आणले गेले. रंगाचा धंदा साधला नाहीं, निवडुंग मात्र गांवकुसाला आणि बांधांना वेढून बसला. अखेर १९२६ मध्यें सिंहलद्वीपाहून दुसऱ्या जातीचे किडे आणून दक्षिणेंतील त्याचा फैलाव आंवरावा लागला. राखण सुटली कीं एक कुंपण मरतें, दुसरें माजतें.

आतां घराकडे वळूं. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या अंगणांतील मेंदीचें कुंपण मीं एप्रिलमध्यें, पाहुणे यावयाचे म्हणून, गुडघ्याएवढें छाटलें. दोन दिवस तें रेखीव दिसलें. मग उन्हानें उघड्या फांद्या भाजल्या, आणि मीं भीतीनें सकाळ-संध्याकाळ पाणी ओतीत राहिलों. काळ्या मातींत तें पाणी साचलें, मुळें कुजलीं, निम्मी रांग गेली. चूक कात्रीची नव्हती. कात्रीनंतरच्या माझ्या अज्ञानाची होती.

झाडाच्या शेंड्यांत खालच्या डोळ्यांना दाबून ठेवणारें एक द्रव्य तयार होतें. शेंडा कापला कीं तें दडपण उठतें आणि खालचे डोळे फुटतात. या नव्या फुटीला अन्न पुरवितात मुळांत व खोडांत सांठविलेले रस. म्हणून मोठी छाटणी, जमिनींत ओल आणि आभाळांत ढग असतांना करावी. मराठवाड्यांत पहिले पाऊस चांगले पडून गेल्यावर. उन्हाळ्यांत फक्त भरकटलेले शेंडे खुडावे. छाटण्यापूर्वीं आंत बुलबुलाचें घरटें नाहीं ना, तें पाहावें.

छाटून झाल्यावर फाटलेल्या, चेंगरलेल्या फांद्या धारदार कात्रीनें पुन्हां साफ कापाव्या. अंगठ्याहून जाड जखमांना बोर्डो मलम लावावें : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळीं विरघळवून मग एकत्र करावीं, लोखंडी भांडें वापरूं नये. हें मिश्रणहि १८८५ मध्येंच फ्रान्समध्यें मिलार्दे या शास्त्रज्ञानें जगापुढें मांडलें. शेराचें कुंपण असेल तर त्याचा चीक डोळ्यांत जाऊं देऊं नये; तो डोळ्याला मोठी इजा करतो.

कातरलेला पाला लगेच उचलावा, काटे तर अवश्य. रोगट फांद्या खताच्या खड्ड्यांत टाकूं नयेत. पानें कमी झाल्यानें झाडाची तहानहि कमी झालेली असते, म्हणून मातींत बोट घालून ओल पाहावी आणि मगच पाणी द्यावें. बुंध्याजवळची माती हलक्या हातानें भुसभुशीत करून कुजलेलें शेणखत घालावें. ताजें शेण घालूं नये. नवी फूट चार-पांच बोटें झाली कीं तिचे शेंडे खुडावे, म्हणजे ती दाट होते. आणि आकार असा राखावा कीं तळ रुंद, माथा किंचित् अरुंद. माथा रुंद झाला तर तळाला ऊन मिळत नाहीं, खालचीं पानें गळतात आणि स्मृतिकारानें सांगितलेलें तें कुत्र्याचें भोंक पडतें.

चुडाव्याच्या या मुलखानें कुंपणाचा दुसरा अर्थहि पाहिला आहे. निजामाच्या राज्याला स्वतःची जकात होती; तिला करोडगिरी म्हणत. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामांत सरहद्दीवरचीं करोडगिरीचीं नाकीं लोकांनीं हल्ले करून उठविलीं, आणि पुढें ती सरहद्दच उरली नाहीं. नाकीं गेलीं, शेतांचीं कुंपणें राहिलीं. जें कुंपण पिकाचें रक्षण करतें त्याला माणसें पुन्हां पुन्हां काटा लावतात, पाणी घालतात. जें भुकेल्याच्या तोंडचें मीठ अडवितें त्याला बारा हजार पहारेकरी लागतात, आणि ते गेल्यावर त्याच्यासाठीं कोणी एक घागरहि ओतीत नाहीं. आपल्या अंगणांतील मेंदीची रांग लहान आहे खरी; पण तिला कात्री लावल्यावर पुढचे दोन महिने तिच्या तळाशीं वांकून पाहण्याची संवय ठेवा. माझी गेलेली निम्मी रांग पुढच्या पावसाळ्यांत मीं कलमांनीं पुन्हां लावली. आतां तिच्यांत भोंक नाहीं.