गॅसभट्टी

घरच्या ओट्यावर न मावणारे टोप व हंडे तापवण्यासाठी लोखंडी तिवईवर बसवलेली एलपीजीवरची मोठी शेगडी. रत्नागिरी भागात हापूसचा रस टिकवण्याच्या हंगामात, म्हणजे मुख्यतः एप्रिल-मेमध्ये, तसेच लग्नकार्यात तिचा वापर होतो. परदेशी घरच्या घरी बिअर करणारे अशीच भट्टी प्रोपेनवर चालवतात. आपल्या सिलिंडरात प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असते.

उष्णतेचा हिशेब : 50 लिटर पाणी 28° से. वरून उकळीला आणण्यास 3,600 किलोकॅलरी लागतात. एक किलो एलपीजीतून सुमारे 11,000 किलोकॅलरी मिळतात. पण उघड्या भट्टीवर त्यांतला मोठा भाग टोपाच्या कडेने निघून जातो. निम्मी उष्णता कामी आली असे धरल्यास सुमारे 650 ग्रॅम गॅस लागतो. हे काम तासाभरात उरकायचे तर बर्नर 8 किलोवॉटच्या वर हवा; घरच्या शेगडीचा मोठा बर्नर साधारण 2 ते 3 किलोवॉटचा असतो.

भट्टी ‘तापत नाही’ अशी तक्रार आली की दोष सिलिंडरला दिला जातो. बहुधा तो रेग्युलेटरचा असतो. घरगुती रेग्युलेटर गॅस दर चौ. सेंमी.ला सुमारे 30 ग्रॅम एवढ्याच दाबाने सोडतो. भट्टीला हाय प्रेशर रेग्युलेटर आणि त्याला जुळणारे नोझल लागते. नुसते नोझलचे भोक मोठे केल्यास गॅस वाढतो, पण हवा तेवढी मिसळत नाही. ज्योत पिवळी पडते, टोपाला काजळी धरते.

द्रव गॅसची वाफ होताना सिलिंडर गार पडतो. कोकणच्या दमट हवेत त्याच्या अंगावर आधी पाण्याचे थेंब जमतात; त्यांची रेघ आतल्या गॅसची पातळी दाखवते. खेच फार झाली तर बर्फही धरतो आणि आच मंदावते. यावर दोन सिलिंडर जोडून घेणे हा उपाय. सिलिंडरखाली विस्तव ठेवणे प्राणघातक आहे.

वारा : समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा करतात, चौथी बाजू हवेसाठी मोकळी. सिलिंडर आडोशाबाहेर.

आंबारस : दाट असल्याने बुडाला लागतो. रसाचा टोप थेट मोठ्या आचेवर ठेवू नये. मोठी आच फक्त रस भरलेल्या बाटल्यांखालच्या पाण्याला द्यावी.

मद्य : काजूच्या फेणीला (भौगोलिक मानांकन 2009, गोवा) मंद, एकसारखी आच लागते, फेणी गाळण्याच्या भाटीत परंपरेने लाकूडच जाळतात. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य गाळणे 1949च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे.

सिलिंडर : घरगुती 14.2 किलो, व्यावसायिक 19 किलो. धंद्याच्या भट्टीला घरगुती सिलिंडर लावण्यास मनाई.