उंबऱ्याच्या आत आलेलं कुत्रं

तुमच्या आजीने किंवा पणजीने कधी कुत्र्याच्या पिल्लाला 'शू कुठे करायची' हे शिकवल्याचं ऐकलंय? मी आमच्या घरात, शेजारीपाजारी, गावाकडे बऱ्याच जणांना विचारलं. उत्तर एकच, आणि ते देताना सगळे हसले. कुत्र्याला शू शिकवायची? ते कशाला?

म्हणजे मराठी माणसाने कुत्री पाळली नाहीत असं नाही. ती हजारो वर्षं पाळली. तरी हा एवढासा प्रश्न आपल्याकडे इतका नवा का, याचा शोध मी घेत होतो. कारण साधं होतं. दोन महिन्यांचं एक पिल्लू आमच्या कोल्हापूरच्या फ्लॅटमध्ये दर अर्ध्या तासाला फरशी ओली करत होतं, आणि 'ह्याला परत सोडून ये' हे वाक्य घरात रोज एकदा तरी ऐकू येत होतं.

रथावर आहे, घरात नाही

सुरुवात दायमाबादपासून करू. अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताचा अहिल्यानगर) या गावात १९७४ साली ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. त्यातला रथ प्रसिद्ध आहे. तो सुमारे ४५ सेंटीमीटर लांब आहे, पुढे दोन बैल आणि मागे उभा सारथी. अभ्यासक या वस्तू साधारण चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. पण रथाच्या दांडीवर आणखी कुणीतरी उभं आहे. ते कुत्रं आहे. महाराष्ट्रातल्या या इतक्या जुन्या कलाकृतीत माणसाबरोबर कुत्रं आहे, आणि ते प्रवासाला निघालेलं आहे.

पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचतो. राजाने काय खावं, काय ल्यावं, कशात रमावं याचा तो कोशच आहे. त्यात 'सारमेयविनोद' नावाचा भाग आहे. सारमेय म्हणजे कुत्रा. विषय अर्थात शिकारी कुत्र्यांचा. कुत्र्याकडून काय हवं होतं? तर रानात धावणं.

साताऱ्याच्या शाहू महाराजांचा 'खंड्या' तुम्हाला ठाऊक असेल. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून सावध केलं असं सांगतात. संगम माहुलीला त्याचं स्मारक आहे. कोल्हापूरहून काही तासांवरचं मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान. तिथल्या मालोजीराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या सडपातळ शिकारी कुत्र्यांची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली आणि 'मुधोळ हाउंड' हे नाव जगाला कळलं. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात एक मुधोळचं होतं.

आमच्या कोल्हापूरची तर गोष्टच निराळी. इथे चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरवायचे. देशातले चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून आणले. चित्तेवान चित्त्याच्या डोळ्यांवर टोपडं घाली, त्याला खाटेवर बसवी, माणसांच्या गर्दीची सवय लावी, त्याच्याजवळ झोपे. असे काही महिने गेले की ते रानटी जनावर दोरीने शांतपणे चालू लागे. रानातल्या चित्त्याला माणसाळवणारं गाव पिल्लाच्या शूपुढे हात टेकतं याची मला गंमत वाटते.

पण नीट पाहिलं तर यात विरोधाभास नाही. रथ, शिकार, छावणी, शेतराखण, मेंढरांचा कळप, या सगळ्या जागा घराबाहेरच्या आहेत. कुत्र्याने बाहेर काय करावं याची विद्या आपल्याकडे होती. कुत्र्याने आत काय करू नये हा प्रश्नच नव्हता, कारण कुत्रं आत नव्हतं.

उंबरा नावाचा नियम

जुन्या कोल्हापुरी घराची रचना आठवा. रस्ता, कट्टा, मग उंबरा, सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परडं. कुत्र्याची जागा कट्ट्याखाली किंवा परड्यात. भाकरीचा तुकडा तिथेच पडायचा. माजघर ते देवघर या पट्ट्यात त्याला मज्जाव.

देवघरातली तसबीर मात्र दत्ताची, आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्री. ते चार वेद आहेत असं म्हणतात. आमच्या जिल्ह्यातल्या नृसिंहवाडीला जाणाऱ्या घराघरांत ही तसबीर असते. तसबिरीतली कुत्री देवघरात आणि जिवंत कुत्रं उंबऱ्याबाहेर, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. महाभारतातही शेवटी गोष्ट दारावरच येते. स्वर्गाच्या दाराशी इंद्र म्हणतो, कुत्र्याला जागा नाही. आणि युधिष्ठिर म्हणतो, मग मीही येत नाही.

या बंदीमागे फक्त स्वच्छता होती असं मला वाटत नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीवर वासराने मूत्र केलं तर कुणी नाक मुरडत नसे. गोमूत्र तर घरात शिंपडत. नियम ओलाव्याचा नव्हता, विटाळाचा होता. आणि विटाळाची ही वही कुत्र्यापाशी थांबत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना मात्र बंदी होती. आत कोण येणार आणि बाहेर कोण राहणार हे आपल्याकडे ज्या नियमांनी ठरत होतं, त्यात कुत्र्याचा नियम हा सगळ्यात छोटा होता.

बंगल्यातलं कुत्रं आणि मेहतर

कुत्रं पहिल्यांदा गाद्यागिरद्यांवर बसलं ते साहेबाच्या बंगल्यात. तिकडे इंग्लंडमध्ये १८५९ साली न्यूकॅसलला कुत्र्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं, १८७३ साली लंडनला केनेल क्लब निघाला. शिकारीचं कुत्रं दिवाणखान्यातलं झालं. ती हौस बोटीतून इकडेही आली.

पण इथल्या बंगल्यात एक सोय होती जी लंडनच्या साध्या घरात नव्हती. साहेबाच्या कुत्र्यांना खाऊ घालणं, फिरवणं आणि त्यांची घाण काढणं हे काम बहुतेक वेळा मेहतराकडे असे. जो माणूस बंगल्याचे संडास साफ करी, तोच कुत्र्यांचं पाही. कुत्रं आत आलं, पण पुसणारे हात तेच राहिले जे जातीने ठरले होते.

मला वाटतं, आपल्याकडे पिल्लाला शिकवण्याची परंपरा तयार न होण्याचं हे दुसरं कारण आहे. वाड्यात कुत्रं बाहेर होतं म्हणून गरज नव्हती, आणि बंगल्यात पुसणारं माणूस फुकटात होतं म्हणून घाई नव्हती. शिकवण्याचे कष्ट माणूस तेव्हाच घेतो जेव्हा फडकं त्याच्या स्वतःच्या हातात असतं.

फरशीचा गुन्हा

आता फ्लॅट. इथे कट्टा नाही, परडं नाही, माती नाही. आहे ती चकचकीत टाइल. तिच्यावरचा ओलावा जिरत नाही, पसरतो आणि सांध्यांत जाऊन बसतो.

आमचं पिल्लू, भुंगा, मित्राच्या वडणग्याच्या शेतावर जन्मलेलं. जातिवंत वगैरे काही नाही, गावठी. पहिल्या दिवसापासून त्याने पायपुसणं धरलं. ते वाळत घातलं की सोफ्याची उशी. आजी म्हणाली, "आरं, आमच्या वेळंला कुत्र्याला काय शिकवाय लागत न्हवतं. परड्यात असायचं ते." बाबांचं मत होतं की नाक घासल्याशिवाय कळणार नाही. वर 'कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच' ही म्हण.

मी सवयीने नोंदी ठेवायला लागलो. वेळ, जागा, आधी काय चाललं होतं. पहिल्या दिवशी एकवीस नोंदी झाल्या. आठवड्याने त्या तक्त्याकडे पाहिलं तर यादृच्छिक असं काही नव्हतंच. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळ थांबल्यावर पंधरा मिनिटांच्या आत, बहुतेक सगळ्या नोंदी इथेच. जागा तर आणखी बोलक्या होत्या. पायपुसणं, उशी, गादी. म्हणजे जे जे शोषून घेतं ते.

याचं उत्तर मला एका जुन्या पुस्तकात सापडलं. अमेरिकेतल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षं पिल्लांचं निरीक्षण केलं आणि १९६५ साली ते प्रसिद्ध केलं. अगदी नवजात पिल्लू स्वतःहून लघवी करू शकत नाही, आईने चाटलं तरच होते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला ते झोपायची जागा सोडून थोडं लांब जाऊन करायला लागतं. आठ-नऊ आठवड्यांचं झालं की त्याच्या जागा ठरू लागतात. म्हणजे स्वच्छता पिल्लाला आपण शिकवत नाही. ती ते घेऊनच येतं. फक्त 'घर कुठवर' हे त्याला माहीत नसतं.

मग भुंगा काय करत होता? शेतावर त्याच्या पायांना माती आणि पिंजर ठाऊक होतं. आमच्या फ्लॅटमध्ये मातीच्या सगळ्यात जवळचं काय, तर पायपुसणं. तो नियम मोडत नव्हता, पाळत होता. याउलट पिंजऱ्यात, सिमेंटवर वाढवलेल्या पिल्लाला कडक जमीन हीच शूची जागा वाटू शकते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. त्या वयात पिल्लू आईजवळ काय काय शिकतं हे कळलं की त्या बंदीचं मोल कळतं.

नाक घासण्याबद्दलही इतिहास बोलतो. रशियाचे पावलोव यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी, पण त्यांच्या कुत्र्यांनी एक मोठी गोष्ट दाखवली. दोन घटना वेळेने चिकटलेल्या असल्या तरच मेंदू त्यांची गाठ मारतो. जर्मनीत कोनराड मोस्ट यांचं कुत्र्यांच्या शिक्षणावरचं पुस्तक १९१० साली आलं. पोलिसी आणि लष्करी कुत्र्यांच्या त्या पद्धतीत सक्तीला मोठी जागा होती. १९५१ साली स्किनर यांनी सामान्य वाचकांसाठी लेख लिहून उलटी वाट सांगितली. हवी ती गोष्ट घडली की त्याच क्षणी बक्षीस. दहा मिनिटांपूर्वीच्या डबक्यात नाक घासलं तर पिल्लू डबक्याची आणि शिक्षेची गाठ मारत नाही. ते तुमची आणि शिक्षेची मारतं. मग ते तुमच्यासमोर शू करायचं टाळतं आणि सोफ्यामागे जातं. काही पिल्लं तर नुसत्या मोठ्या आवाजानेच घाबरून जागेवर सोडतात. त्यांच्यावर ओरडलं की ती आणखी सोडतात.

म्हणून आम्ही बाल्कनीत एक पसरट ट्रे ठेवला आणि त्यात वडणग्याचीच माती भरली. उठला की ट्रे, खाल्लं की ट्रे, खेळून झालं की ट्रे. तिथे झाली की लगेच शेंगदाण्याएवढा चिकनचा तुकडा. नंतर ट्रेमधली थोडी माती इमारतीखालच्या एका कोपऱ्यात टाकली आणि तिथे नेऊ लागलो. फिनेलने फरशी आपल्या नाकाला स्वच्छ वाटते, त्याच्या नाकाला नाही. अमोनियाचा वास असलेलं काही वापरलं तर उलट 'इथेच कर' अशी पाटी लावल्यासारखं होतं. लघवीचे घटक तोडणारी एन्झाइमची द्रावणं मिळतात, ती उपयोगी पडली. वयाचे जितके महिने त्यात एक मिळवून जे येईल तितके तास, हा थांबण्याच्या ताकदीचा ढोबळ अंदाज आहे. तोही कमाल मर्यादेचा आणि मुख्यतः झोपेतला. दोन महिन्यांचं पिल्लू खेळताना अर्धा तासही कसंबसं थांबतं.

पाचव्या आठवड्यात नोंदी दिवसाला दोनवर आल्या, आणि मग अचानक पुन्हा पंधरा झाल्या. या वेळी तक्ता वेगळा दिसत होता. थेंब थेंब, झोपेतसुद्धा, खाण्याखेळण्याशी काही संबंध नाही. डॉक्टरांनी लघवी तपासली. मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. औषधांचा कोर्स झाला आणि आकडे खाली आले. त्या आठवड्यात कुणी भुंग्याचं नाक घासलं असतं तर ती आजाराला दिलेली शिक्षा ठरली असती. शिकलेलं पिल्लू एकाएकी वारंवार करू लागलं, जोर लावू लागलं, लघवीत रक्त दिसलं तर आधी दवाखाना, शिस्त नंतर.

फडकं कुणाच्या हातात

आमच्याकडे धुण्याभांड्याला मावशी येतात. भुंगा आला त्याच दिवशी आईने एक नियम केला. कुत्र्याचं मावशींनी पुसायचं नाही, घरातल्यानेच पुसायचं. मला तेव्हा तो साधा सभ्यपणा वाटला होता. मेहतराची गोष्ट वाचल्यावर त्याचा अर्थ वाढला. आजूबाजूच्या इमारतींत कुत्री वाढताहेत, आणि बऱ्याच घरांत डबकं तसंच ठेवून मावशींची वाट पाहतात. तिथे कुत्रं उंबरा ओलांडून आलं, पण ती जुनी वहीही त्याच्या मागोमाग आत आली.

आमच्या घरात या नियमाचा आणखी एक परिणाम झाला. पुसायची पाळी बाबांवर आली तेव्हा नाक घासण्याची भाषा आपोआप मागे पडली आणि तक्ता त्यांच्याही फोनवर गेला. 'ह्याला परत सोडून ये' हे वाक्य कुणी बंद केलं नाही, ते हळूहळू ऐकू येईनासं झालं. आता पहाटे साडेपाचला भुंग्याला खाली नेण्याचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. कालच्या तक्त्यात घरातली नोंद एकही नव्हती. परवाची एक होती, पाहुणे आल्याच्या आनंदात झालेली. ती बाबांनीच पुसली आणि तक्त्यातही त्यांनीच लिहिली.