दाण्याच्या नळीतून पसरलेली साथ

हाउस फिंच हा चिमणीएवढा पक्षी मूळचा पश्चिम अमेरिकेतला. नराची छाती लालसर, म्हणून न्यूयॉर्कमध्ये तो पिंजऱ्यात घालून विकत. १९४० च्या सुमारास कायद्याची भीती पडल्यावर विक्रेत्यांनी काही पक्षी सोडून दिले. पुढच्या पन्नास वर्षांत त्यांचा वंश पूर्व अमेरिकाभर पसरला. परसातल्या दाण्यांचा त्याला आधार होता.

१९९४ च्या सुरुवातीस वॉशिंग्टनजवळ दाणे खायला येणारे काही फिंच सुजलेल्या, चिकटलेल्या डोळ्यांचे दिसू लागले. कारण निघाले कोंबड्यांमधला एक जुनाच जंतू, मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम! कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने घरोघरच्या निरीक्षकांकडून नोंदी मागवल्या आणि साथीचा माग काढला. (आपल्या विद्यार्थ्यांनाही जमेल असे हे काम.) दाण्याच्या नळीच्या ज्या भोकात आजारी पक्षी डोके खुपसतो, त्यातच पुढचाही खुपसतो. अशा नळीवरून संसर्ग होतो, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले.

म्हणून दाणे टाकूच नयेत, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र भांडे पंधरवड्यातून एकदा तरी घासावे, नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून त्यात बुडवावे, धुऊन पूर्ण वाळवावे. सुजलेल्या डोळ्यांचा पक्षी आला, तर भांडे काही दिवस उतरवूनच ठेवावे.