वैमानिकाचे चिलखत

चिलखत इतिहासजमा झाले, असा आपला समज. पण १९६० नंतरच्या दशकात व्हिएतनाममध्ये अमेरिकन हेलिकॉप्टर-चालकांनी ते पुन्हा अंगावर चढविले. छातीवर चिनी मातीच्या जातीची, भट्टीत भाजलेली जड फळी. थट्टेने तिला ‘चिकन प्लेट’ म्हणत. परंतु गोळी बहुधा खालून, भातखाचरांतून येई. म्हणून कोणी जादा चिलखती जाकीट आसनावर अंथरून बसत, कोणी कमरेचे पिस्तूल मांड्यांच्या मध्ये ओढून घेत! हे शहाणपण नियमपुस्तकातले नव्हे, भोगून आलेले.

आगीची धास्ती त्याहून मोठी. जंगलासाठी दिलेल्या बुटांतील नायलॉन वितळून कातडीला चिकटे. तेव्हा पाय शिजले तरी बूट चामड्याचेच. पुढे ‘नोमेक्स’चा सहजी न पेटणारा पोशाख आला, बाह्या मात्र त्या उकाड्यातही मनगटापर्यंत खालीच ठेवाव्या लागत.