तळटीप : कुरुदच्या जमिनीचा नकाशा

कुरुदच्या वेड्यावाकड्या वाढीचे खापर मूळ लेखात भिलाई महापालिकेवर फोडले आहे, ते पुरते खरे नाही. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्याची वसाहत सेक्टरवार आखलेली. कुरुद त्या आखणीबाहेरचे, पुढे महापालिकेत आलेले गाव. पण कुठली जमीन निवासी, कुठली शेतीची, हे छत्तीसगडमध्ये १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाखाली राज्याचे खाते ठरवते. महापालिकेच्या हाती मुख्यतः बांधकाम परवानगी. महाराष्ट्रात १९६६ च्या कायद्याने आराखडा महापालिकाच करते, मंजुरी तेवढी सरकारची. नगरसेवक प्लॉटवाल्यांपुढे वाकतात, म्हणून नकाशा राजधानीत असलेला बरा, असे कोणी म्हणेल; आणि भूखंडांवरून उठवलेल्या आरक्षणांचा आपल्याकडचा इतिहास पाहता त्याला गप्प करणे सोपे नाही. पण राजधानी तरी कुठे ताठ राहिली? अनधिकृत विकास नियमित करण्याचा कायदा छत्तीसगडने २००२ मध्ये केला, गुंठेवारीचा महाराष्ट्राने २००१ मध्ये. शेताचे तुकडे पाडून, मुरूम पसरून प्लॉट विकणारा तोवर पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. नियमितीकरणाचे शुल्क भरतो घर बांधणारा, आणि गटारासाठी अर्ज घेऊन जातो तो महापालिकेकडेच.